डेल्टा पंख: मिराजने सोडले, मिराजनेच परत आणले

17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकजवळच्या ओझरमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए विमानाने उड्डाण केलं. तीन आठवड्यांपूर्वीच, 26 सप्टेंबरला, मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं होतं. तेही याच कारखान्यात बनायचं. दोन्हींचे पंख त्रिकोणी, म्हणजे डेल्टा. मग इतक्या वर्षांत आपण पुढे काय गेलो, असं कुणालाही वाटेल. पण मिगला मागे आडवी शेपटी होती, तेजसला ती नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

ध्वनीच्या वेगाजवळ सरळ पंखाला हवेचा अवरोध एकदम वाढतो. पंख मागे वळवले तर तो कमी होईल, असं जर्मनीच्या अडोल्फ बुझेमान यांनी 1935 मध्ये रोमच्या परिषदेत मांडलं. युद्धानंतर ही कल्पना सगळीकडे पसरली आणि 1947 मध्ये अमेरिकेचं सेबर व रशियाचं मिग-15 असे पंख घेऊनच उडाले. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळुरूत घडवलेल्या मारुत या लढाऊ विमानाचे पंखही मागे वळलेले होते. दोष असा, की वेग कमी झाला की हवा पंखाच्या टोकाकडे सरकते, टोकं आधी उचल (विमानाला वर धरणारा जोर) गमावतात आणि नाक आपोआप वर जातं. म्हणून मिग-15च्या पंखांवर उभ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. शिवाय लांब, तिरका पंख पिळवटतो. तो ताठ ठेवायचा तर वजन वाढतं.

डेल्टा पंख मुळाशी लांबरुंद असल्याने पातळ ठेवूनही मजबूत राहतो आणि त्यात इंधनालाही जागा मिळते. फ्रान्सच्या दासो कंपनीने मिराज-3 या लढाऊ विमानासाठी तोच निवडला आणि शेपटी काढून टाकली. अतिवेगात विमान उत्तम, पण उतरताना अवघड. शेपटी नसल्याने नाक वर उचलायला पंखाच्या मागच्या पट्ट्या वर वळवाव्या लागतात, आणि त्यामुळे पंखाची उचल घटते, तीही सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच. फ्लॅप, म्हणजे उतरताना उचल वाढवायला खाली करायच्या पट्ट्या, तर लावताच येत नाहीत, कारण ते खाली केले की नाक दबतं आणि ते सावरायला शेपटी नाही. परिणामी उतरण्याचा वेग जास्त आणि धावपट्टी लांब लागायची. म्हणून 1966 मध्ये उडालेल्या मिराज एफ-1 ला दासोने पुन्हा मागे वळलेले पंख आणि शेपटी दिली.

तरीही 1978 च्या मिराज-2000 मध्ये डेल्टा परतला. मधल्या काळात पंखाचं गणित बदललं नव्हतं, विमान सावरण्याची पद्धत बदलली होती. गुरुत्वमध्य मुद्दाम मागे घेऊन विमान अस्थिर ठेवायचं आणि संगणकाने ते क्षणोक्षणी सांभाळायचं. अशा विमानाचं नाक आपोआप वर जाऊ पाहतं, म्हणून कमी वेगात मागच्या पट्ट्या खाली वळलेल्या ठेवता येतात, म्हणजे उचल वाढते. मिराज-3 चा मुख्य दोषच असा बराचसा निघाला. तीव्र वळणात वेग झपाट्याने घटतो, हा डेल्टाचा दुसरा दोष मात्र राहिलाच.

तेजस याच वाटेने आलं. त्याच्या संगणकप्रणालीचं काही काम अमेरिकेत चालू होतं. मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले आणि ते थांबलं. बंगळुरूच्या अभियंत्यांनी ते इथे पूर्ण केलं आणि 4 जानेवारी 2001 रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं उड्डाण केलं. पंखाच्या आकारावर होणाऱ्या चर्चेत या कामाची दखल फारच कमी घेतली जाते, याचं मला वाईट वाटतं. या प्रणालीशिवाय शेपटी नसलेलं अस्थिर डेल्टा विमान उडूच शकत नाही.

पुढच्या तेजस मार्क-2 मध्ये मुख्य पंखांच्या पुढे छोटे कॅनार्ड पंख येणार आहेत, राफेलला आहेत तसे. त्यांच्यामागे उठणारे भोवरे मुख्य पंखावरची हवा नाक बरंच वर उचललेलं असतानाही चिकटवून ठेवतात. बदल्यात थोडं वजन वाढतं आणि रडारला दिसणारी आणखी एक कड तयार होते.