डी-डायमर: आकडा कळला, एकक राहिलं

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रात घरोघरी डी-डायमर हा शब्द पोचला: रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे रक्तात किती आहेत, हे मोजणारी तपासणी. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा आणि आकडा ठळक छापलेला दिसला की घरच्यांचं धाबं दणाणायचं. वास्तविक ही तपासणी गुठळी शोधायची नव्हेच. ताप, बाळंतपण, ऑपरेशन, नुसतं वाढलेलं वय, कशानेही हा आकडा चढतो. तिचा खरा उपयोग उलटा: शंका मुळात कमी असेल आणि आकडाही कमी आला, तर गुठळी नाही असं समजून पुढच्या तपासण्या टाळता येतात.

ही तपासणी येण्याआधीचा काळ रुग्णाला जड जायचा. पाऊल वर वाकवल्यावर पोटरी दुखते का, ही १९४० च्या दशकातली खूण भरवशाची नव्हती. पायाच्या शिरेत डाय सोडून एक्स-रे काढणं दुखरं होतं. १९८० च्या दशकाअखेर सोनोग्राफीने ते सोपं केलं: प्रोबने दाबल्यावर निरोगी शीर चपटी होऊन पडद्यावरून दिसेनाशी होते, गुठळी असलेली दबत नाही. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली आहे का, हे कोडं मात्र सुटेना. १९९० च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात किरणोत्सारी स्कॅनचे बहुतेक रिपोर्ट 'आहे' आणि 'नाही' यांच्या मधेच अडकले. पुढे सीटी आला, आणि सीटी कोणाचा करायचा हे ठरवायला आधी लक्षणांचे गुण, मग डी-डायमर, असा क्रम बसला.

घोळ आहे तो एककाचा, आणि त्याकडे व्हावं तेवढं लक्ष दिलं गेलेलं नाही. काही लॅब एफईयूमध्ये (गुठळी बनवणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या वजनात) मोजतात, काही डीडीयूमध्ये (खुद्द डी-डायमरच्या वजनात). एक डीडीयू म्हणजे साधारण दोन एफईयू. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे ती एफईयूची. डीडीयूत ती सुमारे २५०. त्यात कोणी नॅनोग्रॅम छापतं, कोणी मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० आणि ०.५ एकच.

२०१४ नंतर पन्नाशीपुढच्या रुग्णांसाठी 'वय गुणिले १०' ही मर्यादा रूढ झाली. तीही एफईयूतच, डीडीयूत गुणिले ५. सत्तरीच्या आजी, शंका कमी, आकडा ६००. एफईयू असेल तर मर्यादा ७००, सीटी नको. डीडीयू असेल तर मर्यादा ३५०, सीटी हवा. रिपोर्टवर ही तीन अक्षरं छापलेलीच नसतील, तर लॅबला फोन केल्याशिवाय त्या ६०० चा अर्थ लावूच नये.