जुद

जुद : मंगोलिया व लगतच्या गवताळ प्रदेशांत हिवाळ्यात आणि त्यापुढच्या वसंतात चारा-पाण्यावाचून, उपासमारीने व गारठ्याने पाळीव जनावरे मोठ्या संख्येने मरण्याची आपत्ती. उच्चार ‘जुना’, ‘जाड’ या शब्दांतील दंततालव्य ज-प्रमाणे. मराठीला हा ध्वनी घरचाच आहे. त्यामुळे रोमन लिपीतील स्पेलिंगवरून ‘ड्झुड’ असे लिहिण्याचे कारण नाही. या शब्दाचे भाषांतर अनेकदा ‘थंडीची लाट’ किंवा ‘कडक हिवाळा’ असे केले जाते, पण ते अपुरे आहे. मंगोलियात तापमान उणे 30° से.च्या खाली जाणे ही नेहमीची गोष्ट असून तेवढ्याने जुद पडत नाही. जनावरांच्या तोंडी गवत लागेनासे होते तेव्हा जुद पडतो. या अर्थाने मराठीतील ‘दुष्काळ’ हाच शब्द त्याला अधिक जवळचा. आपण ओला व कोरडा असे दुष्काळाचे दोन प्रकार मानतो, तसे मंगोल पशुपालक जुदाचे रंगांवरून व द्रव्यांवरून प्रकार पाडतात.

व्युत्पत्ती : हा शब्द मूळचा मंगोल की तुर्की, याबद्दल एकमत नाही. कझाक व किरगिझ या तुर्की कुलातील भाषांत याच आपत्तीला ‘जुत’ म्हणतात (कझाकमध्ये आद्य वर्णाचा उच्चार अधिक घर्षक). मंगोलच्या पारंपरिक उभ्या लिपीत आद्य वर्ण तालव्य ज आहे. मंगोलियातील खालखा बोलीत इ-खेरीज इतर स्वरांपूर्वीचा जुना तालव्य ज दंततालव्य झाला, तर चीनमधील अंतर्मंगोलियातील चाखार बोलीत तो तालव्यच राहिला. म्हणजे उलानबातरचा ‘जुद’ आणि चाखारी ‘जुद’ यांत ‘जुना’ व ‘जीव’ यांमधल्या ज-इतका फरक पडतो. शब्द तुर्कीतून मंगोलमध्ये आला असे मानणारे आद्य ध्वनीच्या नियमित जुळणीकडे बोट दाखवतात. मंगोलमध्ये शब्दावयवाच्या शेवटी त आणि द यांतील भेद पूर्वीपासून क्षीण असल्याने अन्त्य त-चा द होण्यातही त्यांना अडचण दिसत नाही. उलट बाजूचे अभ्यासक असे म्हणतात की, पशुपालनविषयक शब्दांची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झालेली आहे आणि एकट्या शब्दाच्या ध्वनिरूपावरून दिशा ठरवता येत नाही. तुर्की मूळ अधिक संभाव्य वाटते. मात्र दोन्ही समाज किमान दीड हजार वर्षे एकाच गवतावर गुरे चारत आल्यामुळे या प्रश्नाला फार वजन देऊ नये, हेही खरे. कझाक लोकांत ‘जुताला सात भावंडे’ अशी म्हण रूढ आहे. हे संकट एकटे येत नाही, असा तिचा आशय.

‘जुद’ म्हणजे नेमके काय, हाही वादाचाच विषय आहे. हवामानशास्त्रीय लेखनात तो कारणवाचक असतो : अमुक इतका बर्फ, अमुक इतके तापमान. पशुपालकांच्या बोलण्यात तो परिणामवाचक असतो. कितीही हिम पडले तरी जनावरे तगली, तर ‘जुद पडला’ असे म्हणत नाहीत. एकाच हिवाळ्यात शेजारच्या दोन सोमांपैकी (सोम – तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग) एकात जुद व दुसऱ्यात केवळ थंडी अशी नोंद होते, ती यामुळेच. प्रस्तुत नोंदीत दुसरा अर्थ प्रमाण धरला आहे.

प्रकार : ‘त्सागान जुद’ म्हणजे पांढरा जुद. जाड हिमाच्या थराखाली गवत गाडले जाते. ‘खार जुद’ म्हणजे काळा जुद. त्यात हिमच पडत नाही. बर्फाचा अभाव हे संकट कसे, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. हिवाळ्यात ओढे व तळी गोठलेली असतात, विहिरी दूरदूर असतात आणि मेंढ्या-घोडे हिम खाऊनच तहान भागवतात. हिम नसेल तर चांगले गवत असलेले कुरणही निरुपयोगी ठरते. ‘तोमोर जुद’ म्हणजे लोखंडी जुद. हिम पडल्यावर मध्येच ऊब येऊन ते वितळते व पुन्हा गोठते. मग गवतावर बर्फाचे अभेद्य कवच चढते. पशुपालकांना बहुधा याचीच धास्ती अधिक, कारण खुरांनी भुसभुशीत हिम उकरता येते, कवच फोडता येत नाही. पायही सोलवटतात. ‘खुइतेन जुद’मध्ये, म्हणजे थंड जुदात, दीर्घकाळ टिकलेला गारठा व वारा यांमुळे जनावरे चरायला बाहेर पडू शकत नाहीत. ‘तूराइन जुद’, म्हणजे खुरांचा जुद, हा थंडीचा नव्हेच. एकाच कुरणावर बाहेरून आलेल्या कळपांची गर्दी होऊन ते तुडवले जाते. वरीलपैकी दोन-तीन एकत्र आल्यास ‘खाव्सार्सान’ (जोड) जुद म्हणतात. हे वर्गीकरण काटेकोर नाही आणि प्रांताप्रांतांत नावांचा वापर बदलतो. चिनी लेखनातही अंतर्मंगोलियाच्या संदर्भात ‘पांढरे संकट’ व ‘काळे संकट’ अशी जोडी आढळते.

कारणे : हिवाळ्यात मंगोलिया व दक्षिण सायबेरियावर थंड, जड हवेचा उच्च दाबाचा प्रदेश (सायबेरियन उच्चदाब) ठाण मांडतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, रात्री दीर्घ. पर्वतांनी वेढलेल्या खोऱ्यांत, विशेषतः पश्चिमेकडील उव्स सरोवराच्या द्रोणीत, थंड हवा तळाशी साचून राहते आणि वरच्या उतारांपेक्षा तळ अधिक थंड होतो. हिवाळी मुक्काम (ओव्होल्जो) टेकडीच्या दक्षिण उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवण्याची चाल यातून आली असावी. 2009–10 च्या हिवाळ्यात आर्क्टिक दोलनाची (उत्तर ध्रुवाभोवतीच्या हवेच्या दाबातील चढउताराची) ऋण अवस्था विलक्षण तीव्र होती व ध्रुवीय हवा दक्षिणेकडे सरकली. परंतु प्रत्येक जुदाचा या दोलनाशी सरळ संबंध लावता येत नाही.

आदल्या उन्हाळ्यातील अवर्षण कितपत कारणीभूत, यावर मतभेद आहेत. एक मत असे की, जनावर हिवाळ्यात आपल्या अंगावरच्या चरबीवर जगते. गवत खुरटले तर ती चरबी साठत नाही, गंजीलाही चारा उरत नाही, आणि मग साधारण हिवाळाही जीवघेणा ठरतो. दुसरे मत आकडेवारीकडे बोट दाखवते : अवर्षणानंतर जुद न पडल्याची आणि भरपूर गवतानंतरही जुद पडल्याची उदाहरणे आहेत, विशेषतः गोबीच्या वाळवंटी भागात. गवताळ उत्तरेत पहिले व रूक्ष दक्षिणेत दुसरे अधिक लागू पडते, असे दिसते. तिसरा विचार हवामानाला दुय्यम मानतो. 1990 पर्यंत सहकारी पशुपालन संघ (नेगदेल) चारा साठवत, विहिरी राखत, वाहने पुरवत. ही व्यवस्था मोडल्यावर 1990 नंतर कळप खाजगी झाले, अननुभवी कुटुंबेही पशुपालनाकडे वळली आणि काश्मिरी लोकरीच्या भावामुळे शेळ्यांचे प्रमाण वाढले. 1990 मध्ये सुमारे 2 कोटी 60 लाख असलेली पशुसंख्या 2019 अखेर 7 कोटींवर गेली. कुरण मात्र तेवढेच राहिले. तरीही 1944 चा महाजुद संघ-व्यवस्थेपूर्वी, आणि त्या मानाने लहान कळपांवर आला होता, हे या मताच्या विरोधात नोंदवले पाहिजे.

इतिहास : चिनी राजवृत्तांतांत या आपत्तीचे उल्लेख विखुरलेले आहेत. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, साधारणपणे 105–104 च्या हिवाळ्यात, शियोंगनू या भटक्या पशुपालकांच्या मुलखात मोठे हिम पडून जनावरे भुकेने व थंडीने मेल्याची नोंद आहे. इ. स. पू. 71 च्या सुमारास हिवाळ्यात वुसुन या दुसऱ्या पशुपालक लोकांवर चालून गेलेले शियोंगनू सैन्य परतताना हिमात सापडले व दहांतील एकही धड परतला नाही, असे चीनच्या हान राजवंशाचा वृत्तांत सांगतो. शत्रूचा नाश वर्णन करणाऱ्या दरबारी लेखकाचा हा हिशेब शब्दशः घेऊ नये. पूर्व तुर्क खानतेचा 630 मधील अस्त आणि उइघुर खानतेचा 840 मधील पाडाव, या दोहोंपूर्वीही लागोपाठ हिमवर्षाव व पशुहानीचे उल्लेख येतात. यांपैकी पहिल्याचा संबंध काही संशोधक 626 च्या सुमाराच्या ज्वालामुखी उद्रेकाशी जोडतात. कालक्रम जुळतो, पण दोन्ही राज्ये अंतर्गत कलहाने आधीच पोखरली होती. जुदाने पाडाव ‘केला’ म्हणण्यापेक्षा लांबवता आला असता तो जवळ आणला, इतकेच म्हणणे सुरक्षित. त्यानंतरच्या शतकांची माहिती तुटक आहे.

विसाव्या शतकातील सर्वांत भीषण म्हणून 1944–45 चा जुद गणला जातो. मृत जनावरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तरी राष्ट्रीय पशुधनाचा सुमारे एक तृतीयांश भाग नष्ट झाला असे सामान्यतः मानतात. ते वर्ष द्वादशवर्षीय चक्रातील माकडाचे होते आणि त्यामुळे ‘माकडवर्ष’ मंगोल लोकस्मृतीत अशुभ ठरले. (कझाकांत हा मान सशाच्या वर्षाला आहे. दोन्ही समजुतींना हवामानाचा आधार मिळत नाही.) 1999 ते 2002 असे सलग तीन हिवाळे जुद पडून एकूण 1 कोटीहून अधिक जनावरे मेली. 2009–10 मध्ये एकाच हिवाळ्यात, गणना केव्हा व कशी केली यानुसार, सुमारे 85 लाख ते 1 कोटी 3 लाख जनावरे दगावली. 2023–24 मध्ये हा आकडा 70 लाखांवर गेला.

लोकजीवन : मंगोल लोक पाच जनावरांना ‘पाच मुस्कटे’ (तावान खोशू माल) म्हणतात : घोडा, उंट, गोवंश (याकसह), मेंढी, शेळी. त्यांची तग धरण्याची क्षमता भिन्न असते. घोडा खुराने हिम उकरतो म्हणून त्याला पुढे सोडून मागून मेंढ्या चारतात. गाय जिभेने गवत वेढून ओढते, तिला उकरता येत नाही. हिवाळी गोठ्यात साचलेल्या लेंड्यांचा घट्ट थर (खोर्झोन) कापून विटांसारखा रचतात व त्यावर जनावरे बसवतात. जमिनीच्या गारठ्यापासून तो उत्तम बचाव. संकट दिसताच दूरच्या कुरणाकडे कळप हाकण्याला ‘ओतोर’ म्हणतात. जुदाविरुद्धचा हा सर्वांत जुना उपाय, पण सगळेच निघाले की वर सांगितलेला खुरांचा जुद तेथे ओढवतो.

थंडीचे मोजमाप ‘येसोन येस’, म्हणजे नऊ नवके, या गणनेने होते. दक्षिणायनान्तापासून 81 दिवस. तिसऱ्या नवकात तीन वर्षांच्या बैलाचे शिंग गोठते, चौथ्यात चार वर्षांच्या; पाचव्यात उकडलेला भात गोठेनासा होतो, सहाव्यात वाट दिसू लागते. मात्र जनावरांचे मरण बहुधा या गणनेच्या बाहेर, मार्च ते मे या काळात, सर्वाधिक असते. चरबी संपलेली, गाभण जनावरे विण्याच्या बेतात, आणि त्यातच वसंतातील वादळ. माणसे गारठ्याने मरण्याच्या घटना तुलनेने कमी. त्यांच्यावरील आघात उशिरा दिसतो. 2009–10 च्या जुदाची झळ बसलेल्या भागातील लहान मुलांची उंची वयाच्या मानाने कमी राहिल्याचे सर्वेक्षणांत आढळले. कळप गमावलेली कुटुंबे उलानबातरच्या कडेला नमद्याचे तंबू (गेर) ठोकून राहतात व कोळसा जाळून ऊब मिळवतात. राजधानीच्या हिवाळी धुरामागे अशा रीतीने जुदाचाही हात आहे. कच्चा कोळसा जाळण्यावर तेथे 2019 मध्ये बंदी आली.

2006 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने निर्देशांकाधारित पशुविमा सुरू झाला. भरपाई एकेका कुटुंबाच्या नुकसानीवर नव्हे, तर सोममधील एकूण मृत्युदराने ठरावीक मर्यादा ओलांडली तर मिळते. त्यामुळे पाहणीचा खर्च व लबाडी दोन्ही टळतात. शेजाऱ्यांचे कळप वाचले आणि आपला गेला, तर हाती काही येत नाही.

वन्यजीव : पाळीव जनावरांच्या मानाने याविषयी नोंदी फार थोड्या. सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण नैर्ऋत्येकडील ‘महागोबी ब’ या संरक्षित क्षेत्रातील आहे. तेथे 1992 पासून पुन्हा आणलेल्या ताखी (प्रझेवाल्स्की) घोड्यांची संख्या 2009–10 च्या एका हिवाळ्यात सुमारे 60 टक्क्यांनी घटली. त्याच क्षेत्रातील खुलान ही रानगाढवे मात्र जवळजवळ निभावली. ताखी ठरावीक पाणवठ्यांभोवती राहणारे, तर खुलान शेकडो किलोमीटर भटकणारे. हिम कमी असलेल्या भागाकडे ते निघून गेले. मंगोल पशुपालकाच्या ओतोरचीच ही रानटी आवृत्ती. हालचालीची वाट अडली तर भटकेही मरतात : देश उभा कापणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुतर्फा असलेल्या कुंपणापाशी कुरंगांचे (झेर) व खुलानांचे सांगाडे आढळतात. सायगा हरणांवर 2016–17 मध्ये शेळ्या-मेंढ्यांकडून आलेल्या पीपीआर या विषाणुजन्य रोगाची साथ कोसळली व उरलेल्यांना पुढच्या हिवाळ्याने गाठले. गिधाडे व लांडगे यांना जुदाचे वर्ष सुगीचे जाते असे म्हणतात, पण त्यावर मोजमापाधारित अभ्यास तुरळक. पक्ष्यांपैकी बहुतेक आधीच निघून गेलेले असतात. मंगोलियातील सरोवरांवर वीण करणारे पट्टकदंब हिवाळ्यात भारतात उतरतात. जायकवाडी व उजनीच्या फुगवट्यावर दिसणारे पट्टकदंब याच जातीचे.

इतरत्र : तिबेटचे पठार व हिमालयाच्या उत्तर उतारांवर अशाच घटना घडतात, परंतु त्यांना एक सामायिक नाव नाही. लडाखच्या चांगथांगमध्ये 2013 च्या आरंभी मोठ्या हिमवर्षावाने पश्मिना शेळ्या हजारोंनी दगावल्या. उत्तर सिक्कीममध्ये हिमात अडकून उपाशी राहिलेले सुमारे 300 याक 2019 च्या मे महिन्यात, वाट मोकळी झाल्यावर, मेलेले आढळले.