लॉस एंजेलिसचा किराणा बाजार: स्पर्धा मोजायची कुठे?

मे 1966 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या ‘व्हॉन्स’ आणि ‘शॉपिंग बॅग’ या दोन किराणा साखळ्यांचं सहा वर्षांपूर्वी झालेलं विलीनीकरण 6 विरुद्ध 2 मतांनी रद्द ठरवलं. विक्रीत एक तिसरी होती, दुसरी सहावी. दोघींचा मिळून वाटा अवघा साडेसात टक्के. एवढ्याशा वाट्यावर विलीनीकरण का मोडावं, हा वाद अजून मिटलेला नाही.

1950 ते 1960 या दशकात तिथल्या काउंटीची लोकसंख्या सुमारे 41 लाखांवरून 60 लाखांवर गेली. नव्या वसाहती, दारात गाडी, घरात फ्रीज. आठवड्याचं सामान एकदम भरणाऱ्यांना पार्किंग असलेलं मोठं दुकान सोयीचं वाटू लागलं. न्यायालयाने बोट ठेवलं ते एका आकड्यावर: एकच दुकान चालवणारे मालक 1950 मध्ये 5,365 होते, 1961 मध्ये 3,818 उरले. स्पर्धा राखण्यासाठीच्या क्लेटन कायद्याचं कलम 7, 1950 च्या दुरुस्तीनंतर, बाजार मोजक्या हातांत जाण्याआधीच आवरायला सांगत होतं. बहुमताचा निकाल त्यावर उभा राहिला.

खरी गुंतागुंत ‘साखळी’ या शब्दात आहे. दोन दुकानं झाली की साखळी, अशी मोजणी होती. म्हणजे कर्ज काढून दुसरं दुकान उघडणारा आणि कायमचं शटर ओढणारा, दोघेही ‘एकटा मालक’ या यादीतून सारखेच गळत. 1953 ते 1962 दरम्यान साखळ्या 96 वरून 150 झाल्या, ते उगीच नव्हे. बंद पडलेल्या दुकानांचं दुःख खोटं नव्हतं. पण त्या एका आकड्यात बुडालेला आणि वाढलेला वेगळा काढता येत नाही. विरोधी मत देणाऱ्यांनी तर नकाशाच पुढे केला: विलीन झालेल्या दोघींपैकी एकीची दुकानं दक्षिणेला आणि पश्चिमेला, दुसरीची उत्तरेला आणि पूर्वेला. दूध-पाव आणायला कुणी अख्खं महानगर ओलांडत नाही. शिवाय बाजारातल्या सर्वांत मोठ्या दोन साखळ्यांचा वाटा 1948 ते 1958 मध्ये 21 टक्क्यांवरून 14 वर उतरला होता. मला हा मुद्दा जास्त पटतो.

पुढे चित्र पालटलं. ऑक्टोबर 2003 ते फेब्रुवारी 2004 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या किराणा कामगारांचा दीर्घ संप झाला. स्वस्त महादुकानं दारात येताहेत, असं सांगून कंपन्या आरोग्यविम्याचा खर्च कमी करू पाहत होत्या. 2015 मध्ये आणखी एका मोठ्या विलीनीकरणाला परवानगी देताना स्पर्धा टिकावी म्हणून दुकानं विकायला लावली. त्यांतली 146 घेणाऱ्या साखळीकडे त्याआधी होती फक्त 18. काही महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये, तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि काही दुकानं विकणाऱ्याकडेच परतली. नुसत्या जागा हवाली केल्याने प्रतिस्पर्धी उभा राहत नाही. पुरवठा, गोदामं आणि गिऱ्हाइकाच्या ओळखीचं नाव कुठून आणणार?

डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने दोन राष्ट्रीय साखळ्यांचं विलीनीकरण रोखलं, तेव्हा 579 दुकानं विकण्याचा प्रस्तावही त्याला पुरेसा वाटला नाही. त्यांतल्या एका साखळीच्या मालकीत 1966 च्या खटल्यातलं ‘व्हॉन्स’ हे जुनं नाव आजही आहे. कंपन्यांचं म्हणणं होतं की सभासदांना घाऊक भावात विकणारे क्लब आणि ऑनलाइन विक्रेतेही मोजा. न्यायालयाने सुपरमार्केटचा बाजार वेगळा धरला, आणि स्पर्धा तपासली ती दुकानांच्या आसपासच्या परिसरात.