किती इंच बर्फ पडला, एवढ्यावर वादळ जोखू नका

अमेरिकेत हिवाळी वादळ येणार म्हटलं की इथून तिथल्या नातेवाइकांना फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, "किती इंच?" जितका बर्फ जास्त तितकं वादळ भयंकर, हा समज तिथेही जुना आहे. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही.

२८ जानेवारी २०१४ ला दक्षिणेकडच्या अटलांटात तीन इंचांहूनही कमी बर्फ पडला. बफेलोसारख्या उत्तरेकडच्या शहरात एवढ्याने दिनक्रमही बिघडत नाही. अटलांटात मात्र दुपारी शाळा, कचेऱ्या एकदमच सुटल्या. सगळ्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर आल्या आणि बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रकही त्याच कोंडीत अडकले. चाकांखाली बर्फ दबला, वितळला, पुन्हा गोठला. रस्त्याची नुसती काच झाली. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काहींनी तर बसमध्ये.

फेब्रुवारी २०२१ च्या हिवाळी वादळात टेक्सासात घात केला तो कडाक्याच्या थंडीने आणि गेलेल्या विजेने. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले.

म्हणूनच अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा आता इंचांच्या अंदाजासोबत वादळाच्या तीव्रतेचा निर्देशांकही नकाशावर देते. बर्फाचं वजन, फांद्या-तारांवर गोठणारा पाऊस, वाऱ्याने उडणारा बर्फ, अचानक गोठणारे रस्ते, एवढंच नव्हे तर त्या भागाला बर्फाची सवय किती, हेही त्यात धरतात. पण हा निर्देशांक म्हणजे अधिकृत इशारा नव्हे. इशारा वेगळा निघतो आणि तोही वाचावा लागतो.