वापरणारा उघडा, यंत्रणा झाकलेली: कोकण किनाऱ्यावरून डिजिटल हक्कांचा मागोवा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. येताना त्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मच्छीमार बोट भर समुद्रात ताब्यात घेतली होती. महिनाही उलटला नव्हता, तोच २२ डिसेंबरला लोकसभेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातली मोठी दुरुस्ती गदारोळात, जवळपास चर्चेविना मंजूर केली. विधेयक २००६ पासून पडून होतं, त्यामुळे सगळं खापर हल्ल्यावर फोडणं बरोबर नाही. पण त्या दिवसांत ‘सुरक्षा’ म्हटलं की प्रश्न विचारायची सोय नव्हती, हेही तितकंच खरं.

त्या एका दुरुस्तीत बरंच काही होतं. ऑनलाइन ‘त्रासदायक’ मजकूर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात धाडणारं कलम ६६-अ होतं. फोन-संगणकावरची माहिती सरकारला पाहता, वाटेतच टिपता आणि उलगडून मागता यावी म्हणून कलम ६९ रुंद केलं गेलं. आणि वापरणाऱ्याच्या बाजूची एकच ठळक गोष्ट होती: कंपनीने तुमची संवेदनशील माहिती निष्काळजीपणे सांभाळली आणि तुमचं नुकसान झालं, तर भरपाई मागायचा हक्क देणारं कलम ४३-अ. ६६-अ चं नाव पुढे सगळ्यांना कळलं. ४३-अ कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही, आणि त्याचं पुढे काय झालं हेही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

किनाऱ्यावर मात्र लोकांना कायद्याआधी कॅमेरा आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र भेटलं. हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायची योजना आली, बोटींच्या नोंदणीवर जोर आला, वीस मीटरपेक्षा लांब बोटींना स्वयंचलित ओळख यंत्रणा बसवण्याची सक्ती झाली. किनारी सुरक्षेचा भाग म्हणून देशातल्या ३,३३१ किनारी गावांमधल्या प्रौढ रहिवाशांना ओळखपत्रं द्यायचा कार्यक्रम राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीच्या कामात घेतला गेला. आधार देशभर पसरायच्या आधीच ही गावं त्यात आली होती. यातलं बहुतेक गरजेचं होतं. किनारा खरोखरच उघडा पडला होता. खटकतं ते एवढंच, की तेव्हा सरकारने गोळा केलेल्या अशा माहितीला लागू होणारा एकही गोपनीयतेचा कायदा देशात नव्हता. ठसे कुठे ठेवले जातात, किती वर्षं, कोण बघतो, हे तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, विचारलं नाही. विचारलं असतं, तरी उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं.

६६-अ ची खरी ओळख देशाला पालघरने करून दिली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. हा बंद कशासाठी, असा सवाल करणारी पोस्ट तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. पोस्ट टाकणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. लाइकसाठी अटक! त्यावर देशभर इतका गहजब झाला की पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्या मुलींवरचा गुन्हाही टिकला नाही. पण तोवर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं होतं. दिल्लीच्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने ६६-अ पूर्णपणे रद्द केलं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ अशा शब्दांना धड व्याख्याच नाही, त्यांत काहीही बसवता येतं, हा त्यामागचा मुख्य मुद्दा. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. कुणीतरी तक्रार केली एवढ्यावर मजकूर काढायची सक्ती फेसबुकसारख्या कंपन्यांवर नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना लागते.

गंमत म्हणजे, रद्द झालेलं कलम पोलीस ठाण्यांच्या वहीत जिवंतच राहिलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल धक्का व्यक्त करावा लागला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं पुन्हा बजावावं लागलं. सरकारी कामकाजाबद्दलची ऑनलाइन माहिती खरी की खोटी हे केंद्राच्याच ‘फॅक्ट चेक युनिट’ने ठरवायचं, अशी २०२३ ची नियमदुरुस्तीही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

पालघरचा निकाल लागत होता त्याच महिन्यात, मार्च २०१५ मध्ये, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने एक चर्चापत्र काढलं. वेगवेगळ्या अ‍ॅपसाठी कंपनीने वेगळे दर लावावेत का, असा साधारण प्रश्न. आदल्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळे पैसे लावायची घोषणा करून मागे घेतली होती. ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फेसबुकची ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा तेव्हा रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने सहा राज्यांत सुरू झालेली होती, त्यात महाराष्ट्र होता. नंतर तिचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. डेटाचे पैसे नाहीत, पण बघायला मिळणार ठरावीक साइट. मार्क झकरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्यात महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं होतं, हवामान आणि बाजारभाव फुकटात बघणाऱ्या.

कोकणातल्या माणसाला हे फुकट कसं वाटलं असतं? सड्यावर उभं राहून एक कांडी रेंज पकडणाऱ्याला ‘निदान काहीतरी तरी मिळतंय’ हा युक्तिवाद पटण्याजोगाच होता, आणि तो फेटाळताना शहरी कार्यकर्ते जरा तोऱ्यात बोलले, असं माझं मत आहे. तरी मुद्दा त्यांचाच बरोबर होता. समजा देवगडच्या बागायतदाराने दलालाला वगळून हापूसची पेटी थेट पुण्या-मुंबईला विकायला साधी वेबसाइट काढली. फुकटच्या यादीत ती बसवायची की नाही, हे ज्याच्या हाती यादी तो ठरवणार. मोठ्या दुकानदाराचं पान फुकट उघडेल, याचं पान उघडायला डेटा जळेल. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरागणिक वेगळे दर लावायला बंदी घातली. मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं. वापरणाऱ्यांनी सामान्य भाषेत लिहिलेल्या ईमेलमुळे नियम बदलल्याचं एवढं ठळक दुसरं उदाहरण आपल्याकडे मला तरी आठवत नाही.

खासगीपणाचा लढा त्यामानाने न्यायालयातच राहिला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला आधार वैध ठरलं, पण खासगी कंपन्यांना आधारची मागणी करू देणारा भाग उडाला. बँक खातं आणि सिमकार्डासाठी आधारची सक्तीही गेली. कागदावर. तारकर्लीत नाहीतर गणपतीपुळ्यात लॉजवर उतरून बघा. कुठलंही ओळखपत्र चालतं हे ठाऊक असूनही काउंटरवर आधारचीच झेरॉक्स मागतात, आणि आपणही मुकाट्याने देतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही सेवा केंद्रात अर्धा तास बसलं, तर हक्क आणि व्यवहार यांतलं अंतर डोळ्यांनी दिसतं. आजी खुर्चीवर बसलेल्या, पिशवीत रेशनकार्ड, आधार, पासबुक एकाच प्लॅस्टिकमध्ये. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा नालासोपाऱ्याला. ओटीपी तिकडे जातो. केंद्रवाला आजींच्याच फोनवरून त्याला फोन लावतो, तो लोकलमध्ये असतो, ‘परत सांग, परत सांग’ करत सहा आकडे इकडे येतात. मग स्क्रीनवर संमतीचा चौकोन येतो, इंग्रजीतल्या लांबलचक मजकुराखाली. त्यावर टिक केंद्रवालाच करतो. आजींनी कशाला संमती दिली हे आजींना, मुलाला आणि बहुधा केंद्रवाल्यालाही माहीत नसतं. तो बिचारा वाईट माणूस नाही, उलट त्याच्यामुळेच कामं होतात. पण माहिती संरक्षणाचा सगळा डोलारा ज्या संमतीवर उभा आहे ती अशी असते.

उलट दिशेचंही एक उदाहरण कोकणात घरोघरी आहे: सातबारा. महसुली दप्तर हे मुळात जाहीर दप्तर. पण पूर्वी ते बघायला तलाठ्याची मर्जी लागायची, आणि मुंबईच्या चाकरमान्याला त्यासाठी रजा टाकून गावी यावं लागायचं. आता महाभूलेख या जमीन-नोंदींच्या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मग गट नंबर किंवा नुसतं आडनाव घालायचं की यादी समोर. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. एका सातबाऱ्यावर वीस-वीस सहहिस्सेदार असलेल्या कोकणात याने किती भांडणं उघडकीला आणली आणि किती नवी लावली, याचा हिशोब कुणीतरी करायला हवा. कुठल्या चुलत्याने कुणाला न विचारता फेरफार घातला ते डोंबिवलीत बसून कळतं. त्याच साइटवर जमिनीच्या दलालालाही कळतं की कुठल्या गटात किती वारस आहेत आणि त्यांतलं गावात कुणी राहत नाही. राजापूर तालुक्यात नाणारची, पुढे बारसूची रिफायनरी येणार म्हटल्यावर बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याचे आरोप आंदोलकांनी केले. अशा आरोपाची शहानिशा करायला ज्याला त्याला उपलब्ध असलेला कागद म्हणजे हाच सातबारा. म्हणजे हा उघडेपणा दुधारी आहे. पण निदान दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो.

हा सारखेपणा पुढे ढळला, तो माहिती अधिकारात. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्याही आधी केला, केंद्राचा २००५ चा. त्यातल्या कलम ८(१)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तरच. आणि व्यापक जनहित दिसलं तर तीही द्यावी लागे. संसदेला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, असंही तिथेच लिहिलेलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. पुट्टस्वामी निकालानंतर सहा वर्षांनी वापरणाऱ्याच्या हाती अखेर काहीतरी आलं: आपली माहिती कुणाकडे आहे ते विचारायचा, ती दुरुस्त करायचा, पुसायला सांगायचा हक्क. संमतीची सूचना मराठीसह घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांतून मागता येणार, म्हणजे निदान त्या आजींपुढचा मजकूर तरी मराठीत येऊ शकेल. कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंड.

पण याच कायद्याने माहिती अधिकारातलं ते कलम छाटून नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, तेव्हा कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची सवलत मिळाली. माहिती अधिकारातली ही कपात मात्र लगेच लागू झाली. सरकारी यंत्रणांना सूट द्यायची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला नाही. आणि भरपाईचं ते जुनं कलम ४३-अ? तेही याच कायद्याने वगळायचं ठरलं आहे. खोटी किंवा उगाच तक्रार करणाऱ्या वापरकर्त्याला दहा हजारांपर्यंत दंड करायची तरतूद मात्र न विसरता घातली आहे.

मच्छीमारांच्या बाबतीत हे सगळं आता एका पेटीत येऊन बसलंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन केलं, त्याच कार्यक्रमात सुमारे ३६० कोटींच्या एका राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली: तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख यांत्रिक बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारं-घेणारं यंत्र. तंत्रज्ञान इस्रोचं, मच्छीमाराला फुकट. वाढवणच्या बातम्यांत ही योजना झाकली गेली. निसर्ग आणि तौक्ते ही दोन वादळं लागोपाठच्या वर्षांत झेललेल्या किनाऱ्याला मोबाइलची रेंज संपते तिथेही संदेश पोहोचवणारं यंत्र हवंच आहे, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. मात्र हे यंत्र बोट कुठे आहे तेही सांगतं. मासळीच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेल्या असतात. तांडेल त्या शेजारच्या बोटीला सांगत नाही.

आणि इथे मच्छीमारांतच दोन बाजू आहेत. मालवण-देवगडच्या रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोट्या बोटवाल्यांची तक्रार वर्षानुवर्षं हीच, की पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने माशांचा थवा वेढणारे) आणि एलईडीवाले (दिव्यांच्या झोताने मासळी गोळा करणारे) निषिद्ध पट्ट्यात येऊन मासळी उपसून नेतात. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे, पर्ससीनवर राज्याचे निर्बंध २०१६ पासून. अमुक रात्री अमुक बोट कुठे होती, याची नोंद आता यंत्रणेकडे असू शकते. ती एखाद्या रापण संघाने माहिती अधिकारात मागितली, तर ‘बोट व्यक्तीच्या मालकीची, सबब वैयक्तिक माहिती’ असं एका ओळीचं उत्तर देणं नव्या कलमाखाली सोपं झालं आहे. खलाशी यंत्रणेला चोवीस तास दिसणार, यंत्रणेने कुणावर काय कारवाई केली ते खलाशाला दिसणार नाही.

वाट पूर्ण बंद नाही. कलम ८(२) अजून शाबूत आहे: होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जात मालकाचं नाव न घेता बोटीचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि झालेली कारवाई एवढंच मागावं, आणि ८(२) चा उल्लेख अर्जातच करावा. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यात, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठापुढे.