मंडलाकृतीतील चिन्हांचे प्रादेशिक संकेत

विद्युत व इलेक्ट्रॉनिक मंडलातील, म्हणजे सर्किटमधील, घटक आणि त्यांच्या जोडण्या कागदावर दाखवणारी चिन्हे जगभर एकसारखी नाहीत. त्यांच्या दोन प्रमुख परंपरा आहेत. अमेरिकी परंपरा आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९७५ मधील ३१५ क्रमांकाच्या मानकात ग्रथित झाली, तर युरोपात रुळलेली परंपरा आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या आयईसी ६०६१७ या मानकात आढळते. जपाननेही आपली जुनी चिन्हे सोडून पुढे आयईसीची पद्धत स्वीकारली.

सर्वांत ठळक भेद रोधकाचा, म्हणजे रेझिस्टरचा आहे. अमेरिकी पद्धतीत तो नागमोडी रेषेने दाखवतात, आयईसी पद्धतीत पोकळ आयताने. नागपुरातील विद्यार्थ्याला शालेय भौतिकशास्त्रात नागमोडी रेषाच भेटते. पुढे हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात युरोपीय बनावटीच्या यंत्राचे नियंत्रण पॅनेल उघडण्याची वेळ आली की त्याच घटकाच्या जागी आयत दिसतो. हा भेद मात्र निरुपद्रवी आहे, कारण अनोळखी चिन्ह पाहिल्यावर वाचणारा थबकतो आणि चौकशी करतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती ओळखीच्या वाटणाऱ्या चिन्हांबाबत. अमेरिकी शिडी-आकृतीत, म्हणजे लॅडर डायग्राममध्ये, रिलेचा (विजेने चालणाऱ्या स्विचचा) सामान्यतः उघडा संपर्क दोन लहान समांतर रेषांनी दाखवतात आणि त्यांवर तिरपी रेघ मारली की तोच संपर्क सामान्यतः बंद समजला जातो. केवळ इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या तंत्रज्ञाला मात्र त्या दोन रेषा धारित्राच्या, म्हणजे कपॅसिटरच्या वाटतात. आयताचेही तसेच आहे: पोकळ आयत रोधकाचा, पण जुन्या युरोपीय आकृत्यांत भरीव काळा आयत प्रेरकाचा, म्हणजे इंडक्टरचा असतो, आणि आयईसी पद्धतीत रिलेचे वेटोळेही आयतानेच दाखवतात. म्हणून एकटे चिन्ह पाहून अर्थ लावू नये. आकृतीच्या आरंभी दिलेली चिन्हसूची आणि घटकाशेजारचे अक्षर आधी वाचावे.

तर्कद्वारांमध्ये, म्हणजे लॉजिक गेटमध्ये, अमेरिकी पद्धत प्रत्येक द्वाराला वेगळा आकार देते, तर आयईसी पद्धत एकाच चौकटीत ‘&’ (अँड) किंवा ‘≥१’ (ऑर) अशी खूण लिहिते.

मूल्ये लिहिण्याची रीतही बदलते. ४.७ किलोओहमचा रोधक युरोपीय आकृतीत ‘४के७’ असा लिहिलेला आढळतो. अशा लेखनात दशांशचिन्हाची जागा एककाचे अक्षर घेते, कारण वारंवार काढलेल्या छायाप्रतीत बारीक टिंब पुसले गेले तर ४.७ चे ४७ होतात आणि मूल्य दहापट चुकते.