अर्धस्थायी रंगभूषा

भुवया, पापण्यांची कड किंवा ओठ यांच्या त्वचेत सुईने रंगद्रव्य टोचून रोजच्या मेकअपचा परिणाम टिकाऊ करण्याची पद्धत. पार्लरमध्ये तिला सेमी-परमनंट मेकअप किंवा पीएमयू (परमनंट मेकअप) म्हणतात, त्वचारोगतज्ज्ञ मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. प्रत्यक्षात हे गोंदणच आहे. रंग वेगळे, सुई उथळ आणि हात हलका, एवढाच फरक. जाहिरातीतले ‘एक ते तीन वर्षे’ हे रंग ठळक दिसण्याचे सरासरी आयुष्य असते. तेवढ्या काळात रंग त्वचेतून पूर्ण निघून जाईल, असा त्याचा अर्थ नाही आणि करून घेण्याआधी समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच.

चेहऱ्यावरची बाह्यत्वचा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते आणि साधारण महिना-सव्वा महिन्यात ती झडून नवी येते. रंग तिथेच राहिला तर महिन्याभरात जातो. म्हणून तो तिच्याखालच्या अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागात सोडावा लागतो. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी रंगाचे कण परके समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग मोकळा होतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. गोंदण टिकते ते असे. काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही जातात. ऊन आणि काळ यांनी रंग फिका होतो, पण किती आणि केव्हा हे त्वचा, रंगद्रव्य आणि टोचणाऱ्या हाताची खोली यांवर ठरते. सुई जास्त खोल गेली तर रंग पसरतो आणि निळसर-करडा दिसू लागतो. आजीच्या कपाळावरचे काळ्या काजळीचे गोंदण हिरवट दिसते, त्यामागेही हेच कारण. खोलवरच्या काळ्या कणांकडून परतणारा प्रकाश त्वचेतून येताना निळ्या-हिरव्या छटेचा होतो.

महाराष्ट्राला गोंदण नवे नाही. जत्रेत बसणाऱ्या गोंदणारणीकडून कपाळ, हनुवटी, हातावर तुळस किंवा ठिपके गोंदवून घेणाऱ्या बायकांना ते कायमचेच हवे असे. मेल्यावर सोबत येणारा हा एकच दागिना, अशी श्रद्धा होती. चेहऱ्याच्या रंगासाठी गोंदण्याचा आधुनिक धंदा मात्र लंडनचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जर्मिन स्ट्रीटवर सदरलँड मॅकडोनाल्ड गालांवर कायमची गुलाबी छटा गोंदून देत असे. १९३०च्या दशकात ही टूम वाढली. जॉर्ज बर्चेट या गोंदणकाराने आठवणींत लिहून ठेवले आहे, की काही सौंदर्यगृहे ‘कांतीचा उपचार’ म्हणून बायकांना गोंदत आणि आपण गोंदवून घेत आहोत हे त्यांना माहीतही नसे. आज ‘बीबी ग्लो’ नावाने चेहऱ्यावर बारीक सुयांनी रंगीत सीरम टोचून देणाऱ्या जागा पाहिल्या, की ही जुनी तक्रार अजून शिळी झालेली नाही असे वाटते. १९८४ साली अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ गिओरा अँग्रेस यांनी पापण्यांच्या कडेला आयलायनर टोचण्याची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि हा प्रकार दवाखान्यांतही आला. केवळ सौंदर्यासाठीच त्याचा उपयोग होतो असे नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनमंडल (स्तनाग्राभोवतीचे गडद वर्तुळ) रेखाटणे, डोक्यावर केस विरळ झालेल्या जागी केसांचा आभास करणे, ओठांवरचे स्थिरावलेले कोड झाकणे यांसाठी तो वापरतात. कोड पसरत असताना मात्र सुई लावू नये. टोचलेल्या जागी नवा डाग उमटू शकतो.

भुवयांचे दोन मुख्य प्रकार. मायक्रोब्लेडिंगमध्ये एका ओळीत बसवलेल्या बारीक सुयांच्या पात्याने हाताने केसासारख्या रेघा ओढतात. ओम्ब्रे किंवा पावडर ब्रोमध्ये यंत्राने ठिपके भरून पेन्सिल फिरवल्यासारखी छटा आणतात. तेलकट, मोठ्या रंध्रांच्या त्वचेवर रेघा काही महिन्यांत एकमेकींत मिसळतात, त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेत आणि तेलकट कपाळांवर ठिपक्यांचा प्रकार सहसा बरा टिकतो. फोटोत मात्र रेघाच मोहक दिसतात आणि ग्राहक मागतातही त्याच. ओठांच्या लिप ब्लशमध्ये सावळ्या, जांभळट ओठांवर थेट गुलाबी रंग चढत नाही. आधी नारिंगीकडे झुकणारा रंग देऊन जांभळी छटा मारावी लागते आणि त्याला एकाहून अधिक बैठका लागतात. एका बैठकीत ‘बेबी पिंक’चा शब्द देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गर्भारपण आणि स्तनपानाचा काळ, आटोक्यात नसलेला मधुमेह, त्या जागचा इसब, सोरायसिस किंवा पिकलेल्या पुटकुळ्या, आणि जखमेचा व्रण गाठीसारखा फुगण्याची प्रवृत्ती यांत हे टाळावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतलेल्यांना सहसा सहा महिने थांबायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त जास्त येते आणि रंग बाहेर ढकलला जातो, पण म्हणून त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. डॉक्टरांना विचारावे, नाहीतर बेत रद्द करावा. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड ज्यांना येतात, त्यांच्या शरीरात तो विषाणू सुप्त असतो आणि लिप ब्लशच्या सुईने तो जागा होऊ शकतो. अशांना डॉक्टर आधीच विषाणूविरोधी गोळ्या सुरू करून देतात. कानामागे रंग लावून केलेली पॅच टेस्ट उपयोगी असली तरी ती हमी नव्हे, कारण काहींना ॲलर्जी महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवते.

जागा निवडताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा ट्रेवर काय आहे ते पाहावे. सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का, त्यावर मुदतीची तारीख आणि लॉट क्रमांक आहे का, रंग बाटलीतून नव्या वाटीत घेऊन उरलेला फेकून देतात की परत ओततात? हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरण्याचा धोका याच ठिकाणी असतो. रंगाच्या बाटलीचा फोटो काढून ठेवावा. पुढे ॲलर्जी आली किंवा लेझर करायची वेळ आली, तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. पूर्वीच्या कामाचे फोटो मागताना काम झाल्याबरोबर काढलेले नकोत, सहा आठवड्यांनी जखम भरल्यावरचे मागावेत.

प्रत्यक्ष कामात सर्वांत महत्त्वाचा भाग सुईच्या आधी येतो. रंगात बुडवलेला दोरा कपाळावर ताणून भुवयांचा आराखडा आखतात. हे ग्राहकाला बसवून, चेहरा सैल ठेवून करायला हवे. आडवे झोपवले की त्वचा मागे सरकते आणि उठल्यावर एक भुवई वर दिसते. आरशात पाहून नापसंती सांगायची वेळ हीच. मग बधिर करणारे मलम लावून त्यावर प्लॅस्टिक झाकतात आणि अर्धा तास थांबतात. सुई फिरताना कागद खरडल्यासारखा आवाज कानाशी येतो आणि बरेच जण दुखण्यापेक्षा त्यालाच दचकतात. आयलायनरसाठी कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढाव्यात. पापणीच्या कडेला तैलग्रंथींची तोंडे असतात आणि तिथे हात चुकला तर डोळे कायमचे कोरडे पडू शकतात. तीन प्रकारांत नको म्हणण्याजोगा हाच.

पहिले दोन-तीन दिवस भुवया काळ्याभोर दिसतात, आठवडाभरात खपल्या धरतात आणि निघतात. खपली नखाने काढली तर रंगही तिच्याबरोबर जातो. मग रंग जवळजवळ गायब झाल्यासारखा वाटतो आणि चार ते सहा आठवड्यांत पुन्हा वर येऊन स्थिरावतो. म्हणून टचअप सहा-आठ आठवड्यांनी करतात. लग्नासाठी करायचे तर किमान तीन महिने आधी करावे. ओल्या भुवयांवर हळद, वाफ, पोहणे, थ्रेडिंग यांतले काहीच चालत नाही. पुढेही रेटिनॉल आणि ॲसिडची क्रीमे भुवयांपासून दूर ठेवावीत, कारण त्यांनी रंग लवकर उडतो.

काही वर्षांनी लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेला तपकिरी रंग लालसर, तर कार्बनचा रंग करडा होतो. नको झाल्यास लेझर आहे, पण त्यात एक फसगत आहे. लोहाचे लाल ऑक्साइड आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड लेझरच्या झटक्याने काळे पडू शकतात. ओठांच्या आणि त्वचेच्या रंगाच्या छटांत हीच द्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे आधी छोट्या जागी चाचणी घेतल्याशिवाय लेझर करू नये. एमआरआयच्या वेळी तंत्रज्ञाला आवर्जून सांगावे. क्वचित त्या जागी चटका बसतो किंवा प्रतिमा धूसर येते, पण तेवढ्यासाठी तपासणी टाळायची नसते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी त्वचेत टोचायला एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदण आणि पीएमयूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. भारतात रक्तदानाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. भुवया केलेल्या अनेकांना हा नियम आपल्यालाही लागू आहे हे शिबिरातल्या फॉर्मसमोर बसल्यावरच कळते.